तांदळात लिहिलेली वैष्णवी

फोन शेजारच्या दुकानात आला. भाऊजींचा आवाज होता, "वैष्णवी गेली." आणि क्षणभर, देवाशप्पथ, मला कळलंच नाही कोण गेली ते... वैष्णवी म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, कुंदाताई. आष्टीच्या सासरनं दिलेलं ते नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. लग्नात ताटभर तांदूळ पसरून भाऊजींनी अंगठीनं ते लिहिलं, तेव्हा आमच्या वडनेरच्या मांडवात मी एकटीच धुमसत होते. ताईच मला समजावत होती, "लिहू दे नं. तांदूयच तं हाये, उद्या शिजून जाईन." कसलं शिजतंय! रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत तेच नाव चढलं.

दुपारी घर लवंडलं की ओट्यावर कागद ठेवून ती उभ्यानंच लिहायची. दोन बहिणींची कादंबरी. धाकटी एसटीनं हिंगणघाटच्या कॉलेजात जाते, थोरलीला बारावी होताच उजवून टाकतात. धाकटी मी, आणि थोरली कोण हे सांगायला नको. पुस्तक छापून आलं ते कुंदा या नावानं, माहेरच्या आडनावासकट. घरात केवढा तमाशा! "आमचं नाव टाकाले लाज वाटते का तुले?" असं म्हणून भाऊजींनी सगळ्या प्रती पोत्यात बांधून माळ्यावर फेकल्या. उंदरांनी कुरतडल्या त्या. आणि हे गृहस्थ शिकलेले बरं का, चार लोकांत बोलणारे! आजही आठवलं की डोकं सणकतं.

तेरवीला तेच उभे राहिले, डोळे पुसत म्हणाले, "आमच्या वैष्णवीनं कादंबरी लिहिली. घराण्याचं नाव केलं." माझ्याच्यानं राहवलं नाही. उठले आणि म्हणाले, "वैष्णवीनं तुमच्या पोळ्या लाटल्या, भाऊजी. कादंबरी कुंदानं लिहिली."

कोणीतरी माझा पदर ओढला. आता ताईची सासू तोंड सोडणार, असं मला वाटलं. 'आमच्या घरची रीत' हे तिचं जन्माचं पालुपद. म्हातारी भिंतीला धरत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मायं नाव शेवंता होतं वो... मंग कोणी हाकच नाई मारली."

माझा राग निवायला हवा होता. नाही निवला. उलट दुप्पट झाला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी हाक मारली, "शेवंतामावशी!"

आणि लेकाच्या तोंडाकडे बघत म्हातारीनं ओ दिली.