काकांची पोपटी
भांबुर्ड्याचा पाला भाजल्याचा वास आला की रोह्याच्या शेतातली, मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची ती पोपटी आठवते. काकांना मनाच्या आजारावर गोळ्या सुरू झाल्या होत्या, म्हणून सगळे त्यांच्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं बोलत. “मडकं काढू नका, अजून नाय झाली,” ते म्हणाले. कोण ऐकतंय! शेंगा कच्च्या निघाल्या. लगेच आत्या आईच्या कानाशी, “असल्या माणसांना जास्तच अक्कल असते गो!” काकांनी ऐकलं आणि ते खो-खो हसले. “अक्कल कसली गो? पंचवीस वर्षं पोपटी लावतोय.” पाला पुन्हा कोंबून मडकं जाळात गेलं, आणि मग शेंगा अशा मऊ निघाल्या की मडकं बघता बघता रिकामं झालं. आता गोळ्या मलाही सुरू आहेत, आणि मडकं कधी काढायचं ते सगळे मलाच विचारतात.