दहा जादूगार आणि एक फुटका बांध

आमच्या घराण्यात एका रविवारी दुपारी एकूण दहा जादूगार निघाले, आणि ते दहाच्या दहा मीच नेमलेले होते.

त्याआधी मी आयुष्यात कुणाची नेमणूक केलेली नव्हती. न्हावा शेव्याच्या एका ऑफिसात मी कंटेनरच्या कागदांवर शिक्के मारतो. तिथे शिपाईसुद्धा मला विचारून रजा घेत नाही. त्यामुळे आमच्या मुक्ताने "बाबा, मला दहा माणसं गोळा करून देशील?" असं विचारलं तेव्हा मला बढती मिळाल्यासारखंच वाटलं!

मुक्ता आमची एकुलती एक. बारावीनंतर तिला खेळ तयार करायला शिकायचं होतं. (मैदानातले नव्हेत. मीही आधी तेच समजलो आणि मोठ्या उत्साहाने कबड्डीचा विषय काढला.) त्या अभ्यासक्रमाला जागा थोड्या आणि मुलं फार. प्रवेशासाठी स्वतः एक खेळ रचायचा, असले खेळ कधीच न खेळलेल्या दहा माणसांना तो खेळायला लावायचा, आणि त्याचा व्हिडिओ सोमवारपर्यंत पाठवायचा. पोरीने चार महिने खपून खाडीकाठच्या पाच गावांचं एक अख्खं जग कागदावर उभं केलं होतं. तिने गोष्ट सांगायची, आपण त्यातलं एकेक माणूस व्हायचं, अडचण आली की फासा टाकायचा. त्या जगात मिठागरवाला होता, होडीवाला होता, मासेवाली, सुतार, वैदू... आणि जादूगार.

"पाच गावांत जादूगार एकच हं," तिने मला बजावलं. "जादूगार जास्त झाले की बाकीच्यांना कामच उरत नाही. आख्ख्या खेळाचा तोल त्यावर आहे, बाबा."

"कळलं," मी म्हणालो. (मी "कळलं" म्हणालो की सुनंदा, म्हणजे माझी बायको, हातातलं काम बाजूला ठेवते. त्या दिवशी ती नेमकी भाजी आणायला गेली होती.)

आम्ही कामोठ्यात फ्लॅटमध्ये राहतो, बाकी घराणं विचुंब्याला. पहिला फोन मी थोरल्या दादाला केला.

"येतो की! पन मना कोन केलंय?" दादाने विचारलं.

"मिठागरवाला."

त्यावर दादा म्हणाला, "आपल्या बापाचे पाय मिठागरान गेले. मी कालेजचं तोंड पायलं नाय. नि आता खेलानबी मी मीठच काडू?"

"तसं नाही रे दादा," मी घाईघाईने म्हणालो, "तू जादूगार आहेस. फक्त कुणाला सांगू नकोस."

पाचव्या मिनिटाला यमुनाआत्याचा फोन! "त्या तुज्या दादाला, दाम्याला, जादूगार केलंस, नि मना काय मासंवाली करनार? आरं, त्याच्या बारशाला पालना मी हलवलाय!"

आमच्याकडे लग्नात एका पाहुण्याला टॉवेल-टोपी दिली की मांडवातल्या शेवटच्या पाहुण्यापर्यंत ती पोचवावी लागते. एक जरी चुकला तरी तो पुढची तीन लग्नं जेवत नाही. तोच हिशेब मी इथे लावला. आत्याला जादूगार केलं. मग चुलतभाऊ रमेशला केलं. रमेशला केल्यावर त्याची बायको मंगल कशी वगळणार? संध्याकाळपर्यंत नऊ जणांना मान पोचला, आणि प्रत्येकाला मी "कुणाला सांगू नकोस" असं शपथेवर बजावलं. मुक्ताला म्हटलं, "तू काळजीच करू नकोस, सगळे आनंदाने येतायत."

आले की! रविवारी दुपारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सुनंदाने सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, शिवाय व्हिडिओ काढायचं कामही तिच्याकडेच होतं. आत्या नवी नऊवारी नेसून आली होती. दादाने प्लंबिंगच्या पाइपला सोनेरी कागद गुंडाळून जादूची काठी आणली होती.

मुक्ताने हसतमुखाने विचारलं, "चला, आपले जादूगार कोण?"

दहा हात वर झाले.

मुक्ताने हात मोजले. पुन्हा मोजले. मग म्हणाली, "बाबा, तुझा हात का वर आहे?"

(सगळ्यांना वाटून झाल्यावर मलाही थोडं वाटलंच होतं. वाढणाऱ्यानेही जेवायला नको?)

"अहो पण काका, पाच गावांत दहा जादूगार कसे चालतील?" मुक्ता दादाला म्हणाली.

"का नाय चालनार?" दादा म्हणाला. "आपल्या गावान सरपंच एक हाय, नि माजी सरपंच नऊ. चाललंय ना गाव?"

मुक्ताने दहा कार्डांवर "जादूगार" लिहून ती वाटली आणि खेळ सुरू केला. खाडीतून एक राक्षस निघाला. दादाने लगेच खाडीचं पाणी आटवलं. आत्या ओरडली, "मासं मरतील ना रं!" आणि तिने पाणी परत आणलं. रमेशने राक्षसाचा उंदीर केला. मंगलला वाटलं, उंदीर कणगीतल्या भातात शिरेल, म्हणून तिने उंदराचा पुन्हा राक्षस केला! त्यावरून नवरा-बायकोत जे जुंपलं, त्यात राक्षसाकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. त्याने निवांतपणे खाडीचा बांध फोडला.

"सगळ्यांची आजची जादू संपली," मुक्ता म्हणाली. "भरतीचं पाणी शेतात शिरतंय. होडी कोण आणतं?"

कुणीच हललं नाही. सगळे जादूगार.

"भगदाडात चिखल कोण टाकतं?"

"उद्या टाकू की, जादूनं," रमेश म्हणाला.

मुक्ताने कागद खाली ठेवले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागोमाग गेलो. तिचे डोळे भरले होते. "बाबा, उद्या हे पाठवायचंय," ती म्हणाली. "ही माणसं पुन्हा कधी जमणार?"

खरं होतं ते. ही माणसं आता एखाद्या लग्नालाच जमली असती, आणि आमच्या घराण्यात पुढची लग्नाची म्हणाल तर मुक्ताच होती! माझ्या मानपानापायी पोरीच्या चार महिन्यांचं मातेरं झालं होतं. मला इतकी लाज वाटली की सुनंदा काही बोलायच्या आत मीच हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "खेळात जादूगार एकच असतो. कुणी रुसू नये म्हणून मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

आत्याने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "पोरीचं पास-नापास याच्यावर हाय?"

"हो."

"मंग आदी का नाय बोललास, मेल्या?" तिने हातातलं जादूगाराचं कार्ड माझ्याकडे भिरकावलं. "मना नको तुजी जादू. बांध फुटल्यावर जादू काय करायची? मना फावरा दे!"

खाडीचं पाणी शेतात शिरलं की गाव रांगेने उभं राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचं, ते आत्याने तरुणपणी केलं होतं. तिने सगळ्यांना हॉलमध्ये रांगेत उभं केलं. एकेकाने आपलं कार्ड परत केलं. दादा म्हणाला, "मिठागर मना दे. भरतीचं पानी मना नाय कलनार तर कोनाला?" मंगल होडीवाली झाली आणि तिने रमेशला वल्ह्यावर बसवलं. सोफ्याच्या उशा चिखलाचे गोळे म्हणून हातोहात निघाल्या. मुक्ता फासे टाकायला सांगत होती, माणसं ओरडत होती, सुनंदा हसत-रडत व्हिडिओ काढत होती.

मीही रांगेत घुसलो. दुसरीच उशी माझ्या हातून निसटून चटणीच्या ताटात पडली. दादाने मला दंडाला धरून बाजूला काढलं.

"तू नको रं. तू तिकडं बस जादूगार होऊन."

"मीच का?"

"एक लागतो ना! नि तुला दुसरं काय जमतंय?"

मी सोफ्यावर बसलो, पूर्ण ताकदीनिशी मंत्र म्हटला आणि फासा टाकला. एक पडला. बांध मात्र माणसांनी वाचवला, आणि राक्षस मुकाट खाडीत परत गेला.

मुक्ताला प्रवेश मिळाला. मी पेढे घेऊन विचुंब्याच्या घराघरात गेलो आणि प्रत्येकाच्या पाया पडलो, वयाने लहान असलेल्या रमेशच्यासुद्धा. ज्यांच्या रुसण्याला मी भीत होतो, त्या नऊ जणांनी पोरीसाठी आपला मान एका क्षणात काढून ठेवला. हे ऋण मला फिटता फिटायचं नाही, आणि खरं सांगतो, फिटूही नये.

प्रवेशाच्या मुलाखतीत मुक्ताला विचारलं होतं, "तुझ्या जगात जादूगार किती असावेत, आणि कोणी व्हावं?" ती म्हणाली, "एकच असावा. ज्याला दुसरं काहीही जमत नाही, त्याला करावं." मग तिने व्हिडिओ थांबवून सोफ्यावरच्या माझ्याकडे बोट दाखवलं.

ऑफिसात मी फक्त एवढंच सांगितलं आहे, की मुलीच्या मुलाखतीत माझ्यावर एक अख्खा प्रश्न आला होता.