काकांच्या नावेला नवं इंजिन

माघ वद्य तृतीया, गुरुवार. सकाळी साडेसात. गंगेवरचा बालाजी घाट, खालच्या पायऱ्या.

हजर: काका, नावेचे मालक. मिस्त्री, हत्यारांची पेटी घेऊन. मी, बँकेतून रजा टाकून. बाबा, वरच्या खिडकीत, शाल गुंडाळून. आणि नाव, दोन महिने पाण्याबाहेर, ओंडक्यांवर चढवलेली.

तिथी आमच्या घरच्या पंचांगाची. काकांच्या, पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या हिशेबाने फाल्गुन लागून तीन दिवस झाले होते. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत दोन्ही पंचांगं शेजारी शेजारी टांगलेली असतात, म्हणून मी वहीत तिथीच्या पुढे वारही लिहिते. खाली सतरा कामांची यादी आहे. प्रत्येक कामासमोर दोन रकाने, कोण करणार आणि कधी. मी सगळ्याच गोष्टींच्या याद्या करते. आईच्या आजारपणातल्या औषधांची यादी अजून जपून ठेवली आहे. तर यादीतलं पहिलं काम होतं जुनं डिझेल इंजिन उतरवणं, आणि शेवटचं, सतरावं, महिन्याभराने सगळे नटबोल्ट पुन्हा तपासणं.

काका नात्याचे नाहीत. ते मल्लाह, पिढीजात नावाडी, आम्ही घाटावरचे मराठी. बाबा पाठशाळेत शिकवत तेव्हापासून ते बाबांना मास्तरजी म्हणतात आणि मला बिटिया, बावन्नाव्या वर्षीसुद्धा. आयुष्यभर दक्षिणेकडचे यात्रेकरू नावेतून फिरवल्यामुळे त्यांना मराठी येते, त्यांच्या पद्धतीची.

सात वर्षांची होते तेव्हा त्यांनी मला पोहायला शिकवलं. पहिले तीन दिवस पाण्यात उतरूच दिलं नाही. पायरीवर बसवलं, पाय पाण्यात सोडायला लावले आणि स्वतः बाजूला जाळं दुरुस्त करत बसले. शिकवणार कधी, असं मी दर थोड्या वेळाने विचारायची. शिकवतोच आहे, म्हणायचे. चौथ्या दिवशी माझ्या कमरेला गमछा बांधला, त्याचं टोक हातात धरलं आणि मला आत घेऊन गेले.

नाव माझ्याहून म्हातारी. बाबांच्या आठवणीत ती शिडावर चालायची, पलीकडून वाळू आणायची. डोलकाठी रोवायचं भोक अजून आहे, त्यात लाकडाची गुडदी ठोकली आहे. नंतर तिला डिझेल इंजिन बसलं. ते हँडल मारून सुरू करावं लागे. गेल्या पावसाळ्यानंतर नदी उतरली, नावा पुन्हा सुटल्या, आणि एका सकाळी काका हँडल मारत असताना ते उलटं फिरलं. उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी खांदा बसवून दिला आणि हँडलला पुन्हा हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. हात कोपरातून वाकतो, पण वर जात नाही.

त्यानंतर रोज सकाळी मला खिडकीतून एकच दृश्य दिसे. काका नावेत बसलेले, हँडल मांडीवर, तोंड पायऱ्यांकडे. कुणी तरी येऊन इंजिन सुरू करून देईल याची वाट बघत. येत सगळेच. पण स्वतःची सवारी बसवून, मग. तोवर सूर्योदय बघायला आलेली माणसं दुसऱ्या नावांतून निघून गेलेली असत. शेजारच्या नावेवाला यायचा तो वरूनच ओरडत, "काका, तोहार चाबी आ गयल!" चावी म्हणजे तो स्वतः. काका हसायचे. मार्गशीर्षात त्यांनी नाव वर ओढून घेतली आणि आमच्याकडे येऊन बाबांच्या पायाशी बसले.

"मास्तरजी, विकून टाकतो. पन्नास वर्षं कुणाची वाट नाही पाहिली."

 माझ्या डोक्यात यादी सुरू झाली होती. घाटावरच्या बहुतेक नावा आता गॅसवर चालतात आणि ती इंजिनं बटण दाबून सुरू होतात. काकांना अर्ज, परवाने, तपासणी या सगळ्याची धास्ती होती. मला त्यात काहीच अवघड वाटत नाही. दीड महिन्यात कागद पूर्ण झाले, इंजिन आलं, मिस्त्री ठरला. मिस्त्री चांगला होता. हात जनरेटर आणि टेम्पो यांच्यावर बसलेला, नावेवर पहिल्यांदाच.

रजा शुक्रवारपर्यंत, शनिवार-रविवार सुट्टी. माझं वेळापत्रक असं होतं: गुरुवारी जुनं इंजिन खाली, शुक्रवारी नव्यासाठी लाकडी बैठक आणि टाक्यांची जागा, शनिवारी जोडणी, रविवारी नाव पाण्यात आणि राजा घाटापर्यंत चाचणी, सोमवारी मी बँकेत.

शुक्रवारपर्यंत सगळं वेळेत झालं. शनिवारी दुपारी मिस्त्रीने इंजिन आणि मागे पंख्याकडे जाणारा दांडा एका रेषेत आणला. ही रेषा केसभर चुकली तरी चालत नाही. त्याने इंजिन आणि दांडा जोडणाऱ्या दोन चकत्यांच्या मधल्या फटीत ब्लेडचं पातं चारी बाजूंनी फिरवून दाखवलं. सगळीकडे सारखं सरकत होतं. मी वहीत खूण केली. तेवढ्यात काका म्हणाले की पेच आत्ता कसू नका, नाव पाण्यात जाऊ दे, लकडी दोन महिने सुकली आहे, तिला तीन दिवस पाणी पिऊ दे. मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, माप बरोबर आलंय ना, मग कसून टाका.  वही माझ्या हातात होती.

रविवारी सहा जणांनी मिळून नाव पाण्यात ढकलली. काकांनी नावेच्या पुढच्या टोकावर शेंदूर लावला, गंगेला फूल वाहिलं, आणि आम्ही तिघं आत बसलो. बटण खांद्याच्या उंचीवर होतं. उजवा हात तिथवर पोचेना, म्हणून त्यांनी डाव्या अंगठ्याने दाबलं. इंजिन लगेच सुरू झालं. काकांनी हात तसाच बटणावर ठेवला होता, काढला की बंद पडेल असं वाटत असावं. मिस्त्रीने सांगितल्यावर काढला. वर खिडकीत बाबांची शाल हललेली दिसली.

भोसले घाटासमोर फळ्या थरथरायला लागल्या. आधी पायाखाली, मग बसायच्या पाटापर्यंत. दांडा जिथून नावेबाहेर जातो तिथून पाणी आत यायला लागलं आणि रबर जळल्याचा वास आला. मिस्त्रीने इंजिन बंद केलं. काकांना एका हाताने वल्हं मारता येईना, मिस्त्रीला वल्हं धरताच येईना. मी मारलं, पण नाव प्रवाहाबरोबर तिरकी व्हायला लागली. शेवटी तो शेजारचा नावेवालाच आला. त्याने दोर फेकला, आमची नाव बांधून घेतली आणि बालाजी घाटापर्यंत ओढत आणली. चावीबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी बघतो म्हणून गेला. काका नावेतलं पाणी डब्याने काढत बसले. मी पायरीवर उभी होते. ते डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "शुभ काम डाव्या हाताने केलं ना बिटिया. गंगा मैयाला कसं आवडेल?"

मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. घरी आले, पाय धुतले, वही उघडली आणि बंद केली. बाबांनी चहा थंड होऊ दिला होता.

"नाव शनिवारच्या मापाची होती का आज?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. लाकूड फुगतं. पाण्यात गेल्यावर फळ्यांनी जागा बदलली असणार, रेषा गेली असणार.

"हे काकांना माहीत होतं?"

"सांगितलं होतं त्यांनी."

"मग आता ते काय समजतायत?"

मी डाव्या हाताचं सांगितलं. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तुझ्या यादीत सगळ्यांना रकाना आहे," ते म्हणाले, "नदीला दिला होतास का? जा खाली. अंधार व्हायच्या आत जा."

मी गेले. काका तिथेच होते, डबा बाजूला ठेवून. मी नावेत उतरून त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं की हाताचा काही संबंध नाही, चूक माझी आहे, तुम्ही म्हणालात तसं थांबायला हवं होतं, मी सोमवारच्या नादात थांबले नाही. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच.

"तू तर पहिल्या दिवशीच उडी मारणार होतीस," ते म्हणाले. "म्हणून तर गमछा बांधला होता."

सोमवारी सकाळी मिस्त्रीने सगळे पेच सैल केले आणि नाव तशीच पाण्यात बांधून ठेवली. मी बँकेत जायच्या आधी रोज खाली जाऊन येत असे. काही करायचं नसे. काका फळ्यांमधून झिरपलेलं पाणी काढत आणि मी पायरीवर बसून डबे मोजी. सोमवारी बावीस. मंगळवारी नऊ. बुधवारी दोन, आणि दुसरा अर्धाच. बुधवारी मला उशीर झाला होता, तरी चपला काढून थोडा वेळ पाय पाण्यात सोडून बसले. काकांनी ते पाहिलं.

गुरुवारी मिस्त्री उजाडतानाच आला. त्याने पुन्हा ब्लेडचं पातं लावलं. शनिवारी जे चारी बाजूंनी सारखं सरकत होतं ते आता वरून सैल आणि खालून अडकत होतं. त्याने वळून काकांकडे पाहिलं, कान पकडले, आणि इंजिनाच्या पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवत रेषा नव्याने लावली. या वेळी पेच कसायचे की नाही हे त्याने मला विचारलं नाही. काका अनवाणी फळीवर उभे होते. टाच दोनदा दाबून पाहिली. "आता कस," म्हणाले.

मग बटण. त्यांनी डावा हात उचलला आणि तो मध्येच थांबला. मी त्यांना समजावून सांगितलं होतं, त्यांनी मानही डोलावली होती, पण पन्नास वर्षांची सवय अशी एका संध्याकाळी जात नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी उजवा हात, जितका येतो तितका वर आणला आणि त्याची बोटं डाव्या मनगटाला लावली. आमच्याकडे यजमानाने संकल्प सोडताना घरच्या लोकांनी हाताला हात लावायचा असतो, तसं. आणि दाबलं.

इंजिन सुरू झालं. फळ्या शांत होत्या. मिस्त्री आत वाकून बघत होता, पाणी येत नव्हतं. मी राजा घाटापर्यंत चाचणीसाठी बसायला निघाले तर काका म्हणाले, "नाही बिटिया. तू उतर. मिस्त्रीजी, आपणही उतरा."

आम्ही उतरलो. त्यांनी दोर स्वतः सोडला, एका हाताने, दातांची मदत घेऊन. नाव मागे सरली, वळली आणि धारेला लागली. शेजारचा नावेवाला सवारीची वाट बघत होता. त्याने हात वर केला आणि ओरडला की काका, आता आमची चाबी तुम्ही व्हा. काकांनी मागे वळून पाहिलं नाही, पण खांदे हसताना हलतात तसे हलले, उजवासुद्धा.

वरून बाबांनी हाक मारून विचारलं, निघाला का. नव्या इंजिनाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. काका निघाले, असं मी सांगितलं. बरोबर कोण आहे, त्यांनी विचारलं. कोणी नाही, मी म्हटलं. मग मी आणि मिस्त्री पायरीवर बसून राहिलो. पाऊण तासाने नाव परत येताना दिसली.

सोळा कामांवर खूण झाली आहे. सतरावं राहिलं आहे. महिना होऊन गेला. मिस्त्रीने दोनदा फोन करून विचारलं की कधी येऊ. मी काकांना विचारलं, तर म्हणाले, गर्मी येऊ दे, पाणी उतरू दे, लकडी सांगेल. मी 'कधी' या रकान्यात शनिवार लिहिला होता. तो खोडला आहे. दुसरा वार अजून लिहिलेला नाही.