नोझावासानची काळी चिकटपट्टी

आमच्या डायलिसिस केंद्राची गाडी नोझावासान चालवतात आणि मदतनीस म्हणून शेजारी मी बसते. उत्तर जपानातल्या नायोरोच्या हिवाळ्यात हे काही सुख नव्हे. तीस वर्षं त्यांनी लाकडाचे ट्रक हाकले, त्यामुळे बर्फावरचं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा ठाम समज. नव्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आलं. गाडी घसरून तिरकी व्हायला लागली की ते आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरतं. नोझावासानना तो अपमान वाटला. रोज सकाळी ते बटण दाबून यंत्र बंद करायचे.

यंत्र बंद असलं की समोर पिवळा दिवा लागतो. निघण्याआधी तिथे बोट दाखवून "दिवा विझलेला, ठीक!" असं मोठ्यानं म्हणायचं, हा केंद्राचा नियम. या गृहस्थांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि रोज बिनदिक्कत तसं म्हणत राहिले. मी रोज भांडायचे, पण त्यांची नोकरी जाईल म्हणून केंद्रात काही बोलले नाही. त्याचा राग मला आजही स्वतःवरच येतो.

फेब्रुवारीत एका सकाळी मागे शिगेआजी होत्या, चौऱ्याऐंशीच्या. त्यांच्यानंतर त्याच खाटेवर दुसरा रुग्ण असतो. उशीर झाला की तेवढं रक्त कमी शुद्ध होतं आणि अंगात पाणी साठतं.

पुलापलीकडच्या गुळगुळीत वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला आणि आम्ही कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतलो. लागलं कुणालाच नाही. पण नोझावासान पांढरेफटक पडले होते. त्यांनी घाईघाईनं यंत्र चालू केलं. वरातीमागून घोडं! आता चाकं जागच्या जागी फिरू लागली की यंत्र इंजिनाची ताकदच तोडायचं, आणि गाडी हलेना.

"आता तरी बंद करा हो ते!" मी ओरडले.

"नाही. आता हात लावणार नाही."

"वळणावर बंद, ढिगात चालू," मागून आजी म्हणाल्या. "तुझं सगळंच उलटं कसं रे बाळा? साठी उलटली तरी अक्कल बर्फाखालीच!"

ते ऐकेपर्यंत बराच वेळ गेला. मग बंद करून, फावड्यानं बर्फ उपसून, गाडी पुढेमागे डोलवत निघालो. आजींची चाळीस मिनिटं गेली ती गेलीच.

दोन दिवसांनी आजींच्या दारात गेलो तर त्यांचे पाय सुजलेले. बूट चढेनात. नोझावासान पायरीवर गुडघे टेकून बसले आणि बुटांच्या नाड्या पार सैल करू लागले.

"जपून," आजी म्हणाल्या, "पाय आहेत माझे, ओंडके नव्हेत."

गाडीत बसल्यावर नोझावासाननी नखानं चिकटपट्टी खरवडून काढली. खाली दिवा खरोखरच विझलेला होता. त्यांनी बोट दाखवलं.

"दिवा विझलेला, ठीक!"

"ऐकू नाही आलं," मागून आजी म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्यानं.