शेजारच्या ग्रॅनीच्या शिव्या

देश सोडून परदेशात, शॉमबर्गला आम्ही राहायला गेलो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि शाळा सुटल्यावर तिला शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे ठेवायचं ठरलं. बाई मूळच्या इंग्लंडच्या, एकट्याच राहायच्या. महिन्याभरात मुलगी त्यांना ग्रॅनी म्हणायला लागली. तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

त्या वर्षी नवरा माझा वाढदिवस विसरला. जेवताना मुलगी त्याच्यावर चमचा रोखून म्हणाली, "बाबा, यू आर अ कॅड!"

नवरा ठसका लागेपर्यंत हसला. मी विचारलं, "कॅड म्हणजे काय गं?"

"तुला नाही कळणार, आई. इट्स अ ग्रॅनी वर्ड."

अर्थ शेवटी नवऱ्यानं सांगितला: बायकांशी नीट न वागणारा पुरुष. मग घरात रोज नवा शब्द यायला लागला. बाउंडर म्हणजे लायकी नसताना सभ्य लोकांत मिरवणारा. रॉटर म्हणजे आतून नासलेला. असल्या जुन्या शिव्या आमच्या लॅबमध्येही कुणी देत नसे, पण मुलगी त्या गोळीसारख्या तोंडात घोळवायची. मी मराठीत काही विचारलं की मात्र नुसतं 'येस' नाहीतर 'नो'. मी मराठी शाळेत शिकलेली. कुणाला इंग्रजीत वाईट म्हणायचं तर माझ्याकडे 'बॅड मॅन' एवढंच होतं.

एकदा आम्ही दोघी ग्रोसरी घेऊन परत येत होतो. एकानं सिग्नल न देता गाडी मध्ये घातली. मी करकचून ब्रेक मारला आणि तोंडून निघून गेलं, "मुडदा बशिवला मेल्याचा!"

"व्हॉट वॉज दॅट?" मागच्या सीटवरून प्रश्न आला.

मी अर्थ सांगितला. ती खिदळायलाच लागली. "अगेन, आई, अगेन!" घर येईपर्यंत मी तिला हलकट, भामटा, नतद्रष्ट, सगळं शिकवलं. माझ्याबरोबर ती इतकी कधी हसली नव्हती. मनात म्हटलं, जिंकले.

गाडी थांबली तशी ती उडी मारून थेट शेजारी पळाली. मी पिशव्या घेऊन ड्राइव्हवेवर उभी. बाई पायरीवर बसून "मुद्दा बाशिव्ला" घोकत होत्या आणि मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लोटपोट हसत होती. बाईंनी मला हात केला. मीही हसून हात केला आणि आत जाऊन डबे दणादण फळीवर आपटले.

पुढच्या वर्षी बाई दूर चँडलर गावी मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. मला अगदी हलकं वाटलं. मुलगी मात्र नीट जेवेना. मी लॅबमधली वेळ बदलून घेतली, तिला शाळेतून स्वतः आणायला लागले. गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसायची.

अखेर एका रविवारी मीच चँडलरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. ती वायर ताणून पँट्रीत, किराणा ठेवायच्या खोलीत शिरली आणि तिनं दार ओढून घेतलं. पोळ्या लाटता लाटता मी कान देऊन ऐकत होते. शब्द कळत नव्हते, नुसतं तिचं हसू बाहेर येत होतं.