फळीवरची डबी

आमचा दादा व्यायामशाळेत शिकवायचा. नुसतं तोंडानं सांगणं त्याला पटायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर तो स्वतः वजन उचलायचा. दिवसाला आठ जण, म्हणजे आठ वेळा तोच व्यायाम. घरी आला की अंग ठणकायचं. मग जीवनसत्त्वांच्या दोन गोळ्या, पुढेपुढे चार. "यानं स्नायू लवकर भरून येतात," म्हणायचा. मी ओरडायचे, "अरे, एक दिवस घरी बस की!" ऐकेल तर शपथ.

शेवटी खांद्याचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले, "स्नायू विश्रांतीनं भरतो हो. ती कधी घेतलीत?" दादानं माझी नजर चुकवली.

आता शिकवायला दुसरा आहे. दादा तिथंच दाराशी गोळ्या विकायला बसतो. काल मी त्याचा डबा घेऊन गेले, तेव्हा एक बाई विचारत होत्या, "अंग फार दुखतंय, काय घेऊ?"

"दोन दिवस सुट्टी घ्या," दादा म्हणाला.

मागून व्यायामशाळेचा मालक खाकरला. दादानं वरच्या फळीवरच्या गोळ्यांच्या डबीकडे हात नेला. हात खांद्याशीच अडला.

डबी त्या बाईंनीच काढून घेतली.