हातानं मोडायची फांदी

वाळूजच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत होतो, तेव्हा इलियमकाकांच्या मुलीचा, मोनाचा निरोप आला. "बाबा सकाळी गेले." काका म्हणजे आइल ऑफ मॅनवरचे माझे घरमालक. पंधरा वर्षांपूर्वी कंपनीनं मला त्या बेटावर दोन वर्षं पाठवलं, तेव्हा मी त्यांच्या माडीवर राहायचो. बस आली, सगळे चढले, मी तिथंच उभा… त्यांना एक गोष्ट सांगायची राहूनच गेली होती.

पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात मला उंदीर दिसला आणि मी तसं बोललो. काकांनी चमचा टाकला, शीळ घातली, टेबलाच्या लाकडावर टकटक केली. "हे नाव या बेटावर घ्यायचं नाही. लांबशेपट्या म्हण!" मी सांगितलं, माझी आईही साप म्हणत नाही, लांबडं म्हणते. "मग ती आमचीच," काका म्हणाले.

एप्रिल संपताना तिथं रोवन नावाच्या झाडाच्या दोन काटक्यांचा क्रूस मेंढीच्या लोकरीनं बांधून आतून दारावर लावतात, वर्षभर घर सुखरूप राहावं म्हणून. लोकर कुंपणाला अडकलेली वेचायची, काटक्या हातानं मोडायच्या. लोखंड लावायचं नाही. काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी गेलो. ओली फांदी पिळली, ओढली, मोडेना. कारखान्यातली रात्रपाळी करून दमलो होतो. खिशातल्या चाकूनं कापली, आणि मोडल्यासारखी दिसावी म्हणून टोकं दगडावर घासत बसलो. लोकर मात्र मांडीवर झकास वळून दिली. आमचं घर गंगापूरकडच्या मेंढपाळांचं. "हे कुणी शिकवलं?" काकांनी विचारलं. "मेंढरांनी," मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात काका पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. मी इंजिनिअर, चाकूचा आणि हाडाचा संबंध नसतो हे मला कळतं. तरी त्यांच्या नजरेला नजर देता येईना. आईला फोनवर सांगितलं. "म्हाताऱ्याला फशिवलं व्हय रं? सांगून टाक की!" "सांगतो," म्हणालो. पुढच्या एप्रिलला नवा क्रूस लागला, निघताना काकांनी जुना मला दिला. तो मी बॅगेत कपड्यांखाली ठेवला. मग दर वर्षी फोन. शेवटी काका विचारायचे, "अजून काही?" "नाही काका." "असू दे. वेळ आहे की."

वेळ संपल्यावर मी मोनाला सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं: "बाबांना त्याच दिवशी कळलं होतं. मोडलेल्या रोवनला सालीचा धागा लोंबतो. ते म्हणायचे, टोकं घासायला जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात हातानं मोडली असती. आणि ते पडले आमचं बिनशेपटीचं मांजर पायात आल्यामुळं. तुझा फोन ठेवला की हसायचे, अजून नाही बोलला!"

जुना क्रूस गारखेड्यातल्या आमच्या दारावर होता. या एप्रिलअखेर मी नवा केला. लोकर चुलतभावाकडची, फांदी कडुनिंबाची. तळहात सोलले, पण हातानंच मोडली. एका टोकाला सालीचा धागा लोंबतोय. बायको म्हणाली, "तेवढा कापा की, बरं दिसत नाही."

राहू दे म्हटलं. काकांना दिसायला हवा.